दोन पत्र्यांचं कडं

एकनाथने फुंकणी ओठांतून काढली आणि हातातला चिमटा तसाच अधांतरी धरून ठेवला. कड्याचा वरचा थर सरकला होता. तव्यावर लोणी घसरावं तसा चांदीचा एक पापुद्रा त्याच्या डोळ्यांदेखत खालच्या चांदीवरून वाहत कडेला गेला. नक्षीतल्या काडीएवढ्या रेघा आक्रसल्या आणि त्यांचे मोहरीएवढे तीन मणी झाले.

तेव्हा कुठे त्याला कळलं, की हे एका जाड पत्र्यात कोरलेलं काम नव्हतं. दोन पत्रे होते. वरच्या पत्र्यात नक्षी करवतीने आरपार कापलेली, तो खालच्या पत्र्यावर ठेवून असा बेमालूम झाळलेला, की सांधा ना नखाला लागत होता ना नजरेला. चौतीस वर्षं पौडच्या पेठेत ह्याच ऐरणीपाशी बसलेल्या माणसाला तो दिसला नव्हता. कड्याच्या मधोमध पडलेली चीर भरायची, एवढंच काम होतं. चीर भरली, आणि तेवढ्या आचेने दुसरी झाळ सुटली.

"काय जळलं हो?" आतून त्याच्या बायकोने, रजनीने विचारलं.

"काही नाही. टाकणखार उडाला."

नवऱ्याचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता. आतली भांड्यांची खडखड जरा वेळ थांबली.

कडं आणणारी मुलगी आठ दिवसांपूर्वी स्कूटरवरून आली होती. जान्हवी नाव. मूळची लातूरकडची, नोकरी हिंजवडीत, राहायला भूगावला. रुमालात गुंडाळलेलं कडं तिने काचेवर ठेवलं आणि सरळ म्हणाली, "पुण्यात दोघांना दाखवलं. आमचं काम नव्हे म्हणाले. कोणीतरी तुमचं नाव सांगितलं, की देवांचे टाक घडवणारे जुने सोनार आहेत."

एकनाथने ते उजेडाकडे धरलं. रुंद, उघड्या तोंडाचं कडं. उजळ चांदीत पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी, आणि नक्षीच्या पोटात काळाभोर तळ.

"कुठलं म्हणायचं हे?"

"अमेरिकेतलं. तिकडे ॲरिझोनात होपी म्हणून लोक आहेत, तिथलेच, पूर्वापारचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने केलंय. उंच खडकावरच्या गावात राहतो. खिडकीशी बसून काम करतो."

"आणि ह्या पायऱ्या? भाताची खाचरं वाटतात."

"ढग आहेत ते."

"ढग? पायऱ्यांचे?"

"त्यांच्याकडे असेच काढतात. खालच्या उभ्या रेघा म्हणजे पाऊस. तिकडे फार कमी पडतो ना."

एकनाथ हसला होता. मुळशीत राहणाऱ्या माणसाला, पाऊस कुठे मागूनही घ्यावा लागतो, ह्याची गंमतच वाटावी. आतल्या बाजूला, मनगटाला लागतो तिथे, कारागिराचा नखाएवढा ठसा होता. मक्याचं कणीस आणि शेजारी दोन अक्षरं.

"तुम्ही गेला होतात तिकडे?"

"नाही. बहिणीचं आहे," ती म्हणाली आणि चिरेवरून अंगठा फिरवला. "जपून करा काका."

ती येणार होती त्या रविवारी एकनाथने दुकानाची फळी अर्धीच उघडली. आली तेव्हा म्हणाला, झाळ धरत नाही, परक्या मुलखाची चांदी आहे, तीन आठवडे लागतील. ती लगेच कबूल झाली. कुठे ठेवलंय, बघू तरी, असंही म्हणाली नाही. तिने विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

खरं तर तेव्हा दाखवायला काही उरलंच नव्हतं. निम्मं कडं शाबूत होतं. त्यावर कागद धरून, शिसपेन्सिल घासून त्याने नक्षी उतरवून घेतली होती. ठशाचीही घेतली. मग सगळं वितळवायला मुशीत टाकलं. सोनाराला मोडलेली चांदी दिसली की त्याचा हात मुशीकडेच जातो. त्यात त्याला वावगं वाटलं नाही. चांदी कुठे मरते? पाटल्यांचे वाळे होतात, वाळ्यांचे करंडे. झीज भरायला गुंजभर चांदी त्याने पदरची घातली, कांडी ओतली, ठोकून दोन पत्रे काढले आणि केसासारखं पातं करवतीला लावून बसला.

वरचा पत्रा पाच दिवसांत कापून झाला. खरी परीक्षा खालच्या पत्र्यावर होती. तो काळा तळ नुसता काळा नव्हता. त्यावर बारीक छिन्नीचे घाव होते, एकाला एक लागून, पावसाळी गवत एका वाऱ्याने लवावं तसे. करंगळीच्या पेराएवढ्या जागेत त्याने भिंगातून मोजले, तर पन्नासच्या वर भरले. एवढं कशासाठी? गंधकाने काळ्या केलेल्या त्या खोलगटात कोण बघणार होतं? पण घाव घातल्याशिवाय तळ मलूल, मेल्यासारखा दिसत होता. घातल्यावर त्याला खोली आली.

दोन दिवस त्याला रेघांचा कल साधेना. तिसऱ्या दिवशी छिन्नी खाली ठेवून तो स्वतःशीच म्हणाला, "डावखुरा आहे तिकडचा गडी." मग त्याने पत्रा उलटा फिरवून ठेवला, आणि रेघा आपसूक बसायला लागल्या.

ते दिवस वाईट नव्हते, हे त्याला मान्य करावं लागलं. कित्येक वर्षांत असं काम हाताखाली आलं नव्हतं. गावातल्या लेकीसुनांचे दागिने आता लक्ष्मी रोडवरून येत होते. ह्याच्याकडे तुटक्या साखळ्या आणि देवांचे टाक. समोरच्या रस्त्यावरून डोंगरातल्या नव्या शहराचे डंपर जात, दुकानाची काच थरथरे, तेवढा वेळ तो घाव थांबवी, पुन्हा सुरू करी. जेवायला हाक मारली तर 'आलो' म्हणून अर्धा तास जाई.

शेवटी ठसा राहिला. पोलादाच्या सळईच्या टोकावर त्याने कणीस कोरलं, दोन अक्षरं उलटी कोरली, आणि आधी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून पाहिलं. उमटलेला ठसा आणि कागदावरचा ठसा यांत तसूभर फरक नव्हता. एकनाथ उठला. नळाशी जाऊन हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग येऊन बसला आणि कड्याच्या आत एकच घाव घातला.

ठरल्या दिवशी जान्हवीने येऊन कडं मनगटात चढवलं, हात लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. तिचे डोळे भरले होते.

"चीर कुठे होती तेच कळत नाही काका."

"चीर राहिली नाही आता," तो म्हणाला. हे तरी खरं होतं.

ती गेली आणि त्याच दिवसापासून एकनाथचा बसल्या जागी जीव लागेना. तो काचेचं कपाट पुसायचा, पुसून झालं की पुन्हा पहिल्या काचेपासून सुरुवात करायचा. ऐरणीवर काही नसताना हातोडी आपटत राहायचा. दुपारी दुकान टाकून नदीच्या पुलावर जायचा आणि पाण्याकडे न बघताच परतायचा. कोणी स्कूटर दारात लावली की तो फळीआड सरके. ती नसली की वाटे, आली असती तर बरं झालं असतं.

"तिला सांगितलं नाहीत ना तुम्ही?" एकदा ताट वाढताना रजनीने विचारलं.

"काय?"

"मला काय ठाऊक! पण तीन आठवडे तुम्ही जे करत होतात, ती दुरुस्ती नव्हती. एवढं कळतं मला."

त्याने भात कालवला आणि तसाच ठेवून हात धुतला.

चंपाषष्ठीला आठवडा उरला होता तेव्हा बानूबाई आली. धरणापलीकडच्या धनगरवाड्यावरची म्हातारी. दरवर्षी बाजाराला आली की दुकानाच्या पायरीवर टेकून जायची. आज तिच्याबरोबर मुलगा म्हसू होता, आणि कमरेच्या पिशवीत हळदीने पिवळी पडलेली फडकी होती. तिने ती उलगडली. खंडोबाचा टाक, पिढ्यानपिढ्या धुऊन धुऊन झिजलेला. घोडा ओळखू येत होता. देवाचं नाक-तोंड गेलं होतं.

"नवा करायचा हाय. हीच चांदी घालायची, दुसरी न्हाई. कमी पडली तर देव बारीक हुंद्या."

"ठेवून जा आजी. गुरुवारी..."

"ठिवून कशापायी जाऊ? बसती की हितं."

ती आत आली, बागेसरीच्या शेगडीपासून हातभर अंतरावर मांडी ठोकून बसली. म्हसू शेळ्यांचं औषध आणायला गेला. एकनाथने कोळसे फुलवले. म्हातारीची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती, आणि आधीच बिथरलेल्या त्याच्या मनाला ती नजर टोचायला लागली. सोनार सख्ख्या आईच्या नथीतलंही खातो, ही म्हण ऐकतच तो वाढला होता.

"माझ्या बापानं तुमच्या सासऱ्याचे टाक केले," तो जरा तिखटपणेच म्हणाला. "अजून विश्वास नाही होय?"

बानूबाईने त्याच्याकडे पाहिलं, जणू त्याने काही खुळ्यासारखं विचारलं होतं.

"इस्वास न्हाई म्हून न्हाई बसले, एकनाथा. देव वितळतुया. तवा घरचं कुणीतरी जवळ नगं का?"

एकनाथने मुशीत टाक सोडला. बानूबाईने पदर डोक्यावर ओढला आणि चांदी पातळ होईपर्यंत ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिली. कोणी आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं, तसं. चांदी साच्यात गेल्यावर तिने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "झालं. आता घडीव तुज्या सवडीनं. म्या जरा भाकरी खाती."

रविवारी दुपारी एकनाथ भूगावच्या स्टॉपवर उतरला. दोन्ही बाजूंना अर्ध्या उभ्या इमारती, सिमेंटचे ट्रक, फ्लॅटच्या जाहिरातींचे फलक. पहिल्यांदा तो जान्हवीने पावतीवर लिहिलेल्या इमारतीवरून पुढे चालत गेला, मग पानाच्या टपरीवरून परत फिरला. वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं. 'कामाचं स्वरूप' ह्या रकान्याशी त्याचं पेन अडलं, आणि त्याने तो रिकामा सोडला.

जान्हवीने दार उघडलं. कडं तिच्या हातात होतं.

"काका, तुम्ही? या ना. एवढ्या लांब?"

तिने पाणी आणलं. त्याने भांडं हातात धरलं, प्यायला नाही.

"ताई, ते कडं तुमच्या बहिणीचं नाही."

ती हसली, मग हसू तसंच राहिलं.

"म्हणजे?"

"तुमचं माझ्या हातून जळलं. हात लावला त्याच दिवशी. हे मी केलंय. चांदी तीच आहे, वितळवून घेतली, गुंजभर माझी असेल. आतला ठसासुद्धा माझा. म्हणजे त्यांचाच, पण मी मारलेला." त्याने खिशातून चिंधीत बांधलेली पोलादाची सळई काढून टेबलावर ठेवली. "हा ठेवा तुमच्याकडे. नाहीतर मोडून टाका. माझ्याजवळ नको."

जान्हवीने कडं काढलं. आतला ठसा पाहिला, बोटाने चाचपला. कडं टेबलावर ठेवताना त्याचा आवाज झाला नाही, इतकं हळू ठेवलं.

"मी हे घालून झोपते, काका," ती म्हणाली. "रोज."

एकनाथने सळई तिच्या बाजूला सरकवली.

"मला कळलं नव्हतं. कधीच कळलं नसतं." तिचा आवाज चढला. "मग आता कशाला आलात सांगायला? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

"असेल. तसंही असेल," एकनाथ म्हणाला. "पण एक म्हातारी आली होती दुकानात. धनगराची. देवाचा टाक घेऊन. वितळवताना माझ्यासमोरून हलेना. मी म्हटलं, विश्वास नाही का? तर म्हणाली, देव वितळताना घरचं कोणीतरी जवळ हवं." त्याने कड्याकडे पाहिलं. "तुमच्या वस्तूजवळ मी कोणालाच बसू दिलं नाही. विचारलंसुद्धा नाही. ते काही मला गिळवेना."

जान्हवी उठून गॅलरीत गेली. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्या गाडीचं तेच ते सूर वाजवणं चाललं होतं. ती पाठमोरीच बोलली.

"ती चीर कशाने पडली होती, माहितीये? माझ्या बहिणीचे, स्वरदाचे हात सुजले होते. कडं निघेना म्हणून तिकडे अमेरिकेत हॉस्पिटलच्या नर्सने फाकवून काढलं. रक्तात काहीतरी पसरलं होतं तिच्या. चार दिवस फक्त. आम्ही मुंबईला विमानतळावर रांगेत होतो, तेव्हा फोन आला."

एकनाथने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. बहीण तिकडेच असेल, सुट्टीत येईल, तिला कडं दाखवतील, असंच काहीसं तो इतके दिवस धरून चालला होता.

"सगळे कागद पाठवले त्यांनी. किती वाजता काय दिलं, सगळं लिहिलंय. पण तिच्याजवळ कोण होतं, ती काय बोलली, ते कागदात नसतं. आई अजून मला विचारते. मी काय सांगू?"

ती आत आली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली, मांडी घालून.

"सांगा."

"काय, ताई?"

"कसं झालं ते. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग सावकाश. वरचा थर कसा सरकला, तीन मणी कसे झाले, त्याने ते बोटावर घेऊन कसे पाहिले. निम्म्या कड्यावर कागद कसा धरला. मूस कोळशांत कशी बसवली. ती मध्ये मध्ये विचारत होती.

"किती वेळ लागला?"

"फार नाही. पान खाऊन होईतो."

"आणि दिसतं कसं?"

"आधी तांबूस होते. मग अंगावर साय धरल्यासारखं दिसतं, सुरकुत्या येतात. आणि मग एकदम आरसा. वर पाहणाऱ्याचं तोंड दिसतं त्यात."

"एकदम?"

"एकदम. नजर लावून बसलं तरी तो क्षण काही हाती लागत नाही. आधी असतं, नंतर नसतं."

जान्हवीने मान हलवली. तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

"तुम्ही होतात ना पण तिथे."

"होतो," एकनाथ म्हणाला. "मी होतो."

उन्हं उतरली तेव्हा तो उठला. ती म्हणाली, रविवारी ह्या वेळी बसला उभं राहायला जागा मिळत नाही, पिरंगुटपर्यंत सोडते, तिथून मिळेल. तो नको नको म्हणत असताना तिने किल्ली घेतली. कडं आणि सळई टेबलावरच राहिली.

स्कूटरवर मागे बसायची एकनाथला सवय नव्हती. धोतर गुडघ्यांत आवळून, मागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून तो बसला. भुकूम मागे पडलं आणि जान्हवी बोलायला लागली. मान किंचित वळवून, वाऱ्यावर शब्द फेकत. स्वरदा लहानपणी... पुढचं एका ट्रकने नेलं. मग लातूरचं काहीतरी, एक सायकल, एक मांजर, वडिलांची कुठली तरी ओरड. मध्येच ती मोठ्याने हसली. एकनाथला चारांतला एक शब्द कळत होता. हळू चालवा, पुन्हा सांगा, असं तो म्हणाला नाही. दर थोड्या वेळाने तो "हं" म्हणत होता, वाऱ्याच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पिरंगुटचा स्टॉप आला. बस उभी होती, कंडक्टर दारात होता. जान्हवीने वेग कमी केला नाही. बोलणं चालू होतं. घोटवडे फाटा गेला. रस्ता मोकळा झाला, गारठा वाढला, कडेच्या शेतांत कोणीतरी पाचोळा पेटवला होता.

मग पौड आलं. पेठेचं वळण दिसलं, आणि दुकानाच्या अर्ध्या उघड्या फळीशी उभी असलेली रजनी. ती रस्त्याकडेच पाहत होती. एकनाथने थांब म्हणायला जान्हवीच्या खांद्याकडे हात उचलला, आणि परत मागच्या दांडीवर ठेवला. वळण मागे पडलं. पुढे नुसता धरणाकडे जाणारा रस्ता होता.

"मग?" त्याने ओरडून विचारलं. "मग काय केलं तिनं?"